मंगळवारचे अकरा फॉर्म

एकशे त्रेचाळीस नंबरचा फॉर्म चुकीचा होता. म्हणजे संगणकानं तसं ठरवून टाकलं होतं. त्या ओळीला त्यानं लाल रंग फासला आणि पुढं जायला साफ नकार दिला. देवासच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या अल्पनानं चष्मा नाकावर नीट बसवून ओळ वाचली. धारच्या तलावावर फिरायला आलेल्या कुणा एकाची ती नोंद होती. कुठून आलात? देवासहून. कशानं? बसनं. किती वेळ लागला? साडेतीन तास. घरापासून तलाव किती लांब? दहा मिनिटं, पायी. आता साडेतीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेणाऱ्याचं घर दहा मिनिटांवर कसं असेल? एक तर सांगणारा गोंधळला, नाहीतर लिहिणारी पेंगली. सोमवारची दुपार होती, स्टाफरूममध्ये चिटपाखरू नव्हतं, पेंग तर तिलाही येत होती. अशा वेळी मूळ कागद काढून पाहायचा, हा नियम तिनंच मुलांना घालून दिलेला. तिनं गठ्ठ्यातून कागद उपसला. सगळा फॉर्म हिंदीत होता, तिची विद्यार्थिनी आरोही हिच्या गोल गरगरीत अक्षरात. फक्त तळाचा अभिप्रायाचा रकाना मराठीत होता, निळ्या शाईत, नकाशाखाली नावं लिहितात तशा ताठ उभ्या अक्षरांत. ‘रविवारी माशांना पुष्कळ मिळते. मंगळवारी कोणी येत नाही. मंगळवारी यावे.’

हे अक्षर तिच्या शाळेच्या प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरवर होतं. कुमारी अल्पना, इयत्ता अमुक, धार. तिचे वडील पीथमपूरच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढत, आणि जून महिन्यात त्याच पेनानं लेकीच्या पुस्तकांवर नावं घालत. भैयासाहेब. सगळं गाव त्यांना भैयासाहेब म्हणे, म्हणून घरातही तेच पडलं, लेकीच्या तोंडीसुद्धा. ते गेली पाच वर्षं तिच्याकडे देवासला राहत होते. आणि दर मंगळवारी सकाळी सातला डबा घेऊन ते देवासमध्येच, थोरल्या पातीच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या त्यांच्या मित्राकडे, मानाजीकाकांकडे, पत्ते खेळायला जात आणि संध्याकाळी सातला परत येत. निदान तिला हेच ठाऊक होतं.

तिनं फॉर्म पुन्हा वरून वाचायला घेतला. वय, शहात्तर. बरोबर कोण? एकटे. येण्याचा हेतू? बसणे. गेल्या बारा महिन्यांत किती वेळा आलात? एकोणपन्नास. हा आकडा तिनं सकाळीच पाहिला होता आणि टाइप करताना एखादा आकडा जास्तीचा पडला असेल, अशी स्वतःची समजूत घातली होती. वर्षाचे मंगळवार बावन्न. मग तीन कुठले राहिले, असं मनाशी म्हणेपर्यंत ते तिन्ही तिच्यापुढं येऊन उभे राहिले. एक, त्यांच्या मोतीबिंदूचा. एक, तिचा मुलगा शुभंकर नोकरीवर बेंगळुरूला निघाला तेव्हाचा. भैयासाहेब त्या दिवशी सकाळपासून बुटांच्या नाड्या बांधून बसले होते आणि शेवटी स्टेशनवर आले होते. तिसरा, गणपती बसले तो. त्या दिवशी आरतीत त्यांचं लक्ष नव्हतं, हे आता आठवलं. शेवटून दुसरा प्रश्न होता, येत्या वर्षात किती वेळा याल? तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. बाकी चारशे अकरा लोकांनी तिथं मनाला येईल तो आकडा ठोकून दिला होता, आणि ह्यांनी तेवढी एक जागा कोरी ठेवली होती.

तिनं आरोहीला फोन लावला. “वो वाले बाबा?” आरोही खुशीत म्हणाली. “मॅडम, बाकी सगळे लोकं तर फॉर्म बघूनच भागतात. ते बाबा स्वतःच म्हणाले की विचार बेटा, काय विचारायचंय. मंगळवारी तसं पण कोई नहीं था, दिवसभर बसून अकराच फॉर्म झाले ना माझे. शेवटचं ते मराठीत बोलत होते, मला पटापट लिहिता नाही येत, तो मैंने पेनच देऊन दिला. पढ़ने में नहीं आया इसलिए एंट्री नहीं की. काही गलत झालं का मॅडम?” “काही नाही,” अल्पना म्हणाली आणि फोन ठेवला.

ह्या मोजणीचं शास्त्र ती अठरा वर्षं शिकवत होती. बागेला, तलावाला, डोंगराला बाजारभाव नसतो. मग त्याची मागणी कशी काढायची? तर तिथवर पोचायला माणसं किती लांबून येतात, किती वेळ घालवतात, किती खर्च करतात, ते विचारायचं. जागेभोवती नकाशावर वर्तुळं काढायची. जवळच्या वर्तुळातली माणसं वारंवार येतात, लांबची क्वचित, आणि त्या उतरत्या रेघेवरून कळतं की त्या जागेची ओढ लोकांना किती आहे. वर्गात ती ओढ हाच शब्द वापरायची, अहवालात मागणी लिहायची. तिची रेघ आजवर शहाण्या मुलीसारखी उतरत आली होती. आणि आता सगळ्यांत बाहेरच्या वर्तुळाच्या वर, जिथं कागद कोराच असायला हवा, तिथं एकच ठिपका होता. सगळ्यांत लांबून, सगळ्यांत जास्त वेळा. असला ठिपका शास्त्राप्रमाणं वगळायचा असतो. तो राहू दिला तर रेघ वाकते. चारशे माणसांच्या मनातली ओढ मोजायला ती आठवडाभर उन्हातान्हात पोरं पाठवत होती आणि ज्याला सगळ्यांत जास्त ओढ होती तो तिच्याच घरात, तिच्या समोरच्या खुर्चीवर बसून रोज वरणभात जेवत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

तलाव गावाबाहेरचा, त्यांच्या धारच्या घरापासून चालत जाण्याजोगा. धारेत साडेबारा तलाव, असं जुनी माणसं म्हणत, आणि तो अर्धा कोणता ह्यावर वाद घालत. आईच्या मते अर्धा हाच. कारण उन्हाळ्यात तो निम्मा उरे. आईच्या आठवणीत अल्पनाला नेहमी आधी आईच्या चपला दिसत. दर मंगळवारी शाळेतून घरी यावं तर दारात दोन जोड चपला ओल्या. आईच्या आणि भैयासाहेबांच्या. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असे, सगळ्या जगाचा रविवार तेव्हा ते शिफ्टच्या बसमध्ये डुलक्या घेत. म्हणून मंगळवार त्या दोघांचा. आई सकाळी कणकेच्या गोळ्या वळी, हरभऱ्याएवढ्या, आणि डब्यात भरी. रविवारी सगळं गाव येऊन माशांना लाह्या काय, पाव काय, कोंबून घालतं, मंगळवारी बिचाऱ्यांकडे कोण बघतंय, असं म्हणे. अल्पना विचारी, मला का नाही नेत? तर शाळा. सुट्टीत न्या. सुट्टीत आजोळ. ती कधीच मंगळवारी तलावावर गेली नाही. रविवारी आईचा हात धरून गेली ती, गर्दीत, फुगेवाल्यांत. तेव्हा मासे तळाशी असत, पोट भरलेले. दारातल्या त्या ओल्या चपलांचा तिला हेवा वाटे, आणि हेवा कशाचा हे कळत नसे म्हणून ती दप्तर आपटी. पंचेचाळीसच्या वर वय झालं तरी तो वास तिला ओळखता येई, ओल्या चामड्याचा आणि शेवाळाचा. गेल्या वर्षभरात तो वास मंगळवारी संध्याकाळी देवासच्या घरातही आला होता. तिनं मोरीत फिनाइल टाकायला सांगितलं होतं.

आई गेल्यावर तिनं धारचं घर आवरलं आणि भैयासाहेबांना घेऊन आली. ते एका शब्दानं नाही म्हणाले नव्हते. वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली, टेकडी दिसेल अशी खिडकी, औषधांच्या वेळा भिंतीवर. रविवारी तर घर त्यांच्याभोवतीच फिरे: सकाळी पोहे-जिलबी, दुपारी साग्रसंगीत जेवण, शुभंकरचा फोन, तिचा नवरा यशराज दौऱ्यावर नसला तर बुद्धिबळाचा एक डाव. आपण किती करतो वडिलांचं, असं तिला वाटायचं, आणि ते खरंही होतं. पण आता स्टाफरूमच्या पंख्याखाली ती सोमवार ते शनिवार आठवू लागली तर तिला त्यांचा चेहराच दिसेना. सकाळी पाठमोरे, संध्याकाळी पेपराआड. मंगळवारी कोणी येत नाही. हे वाक्य त्यांनी माशांबद्दल लिहिलं होतं. नक्की माशांबद्दलच लिहिलं होतं, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं.

आणि ह्यात एक गोष्ट अशी होती की जिच्याकडे तिला अजून बघवत नव्हतं. तलावाचं सुशोभीकरण करणाऱ्या समितीला कुंपण घालायचं होतं, तिकीट लावायचं होतं, आणि सफाईसाठी आठवड्यातून एक दिवस तलाव बंद ठेवायचा होता. कोणता दिवस ते अल्पनाचा अहवाल सांगणार होता. गुरुवारी द्यायचा होता तो. पान सतरावर तिनं आठवड्यापूर्वीच टाइप करून ठेवलं होतं, मागणी सर्वांत कमी असलेला वार मंगळवार, सबब मंगळवारी बंद ठेवणे उचित. तिनं ते पान उघडलं. उचित हा शब्द तिला फार आवडायचा. तिनं पान मिटलं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा जानकीबाई पोळ्या लाटत होत्या. हाटपिपल्याच्या ह्या बाई आठ वर्षं तिच्याकडे स्वयंपाक करत होत्या, आणि गेल्या महिन्यात कणीक लवकर का संपते म्हणून अल्पनानं त्यांना चार शब्द सुनावले होते. जानकीबाईंनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. “जानकीबाई,” ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, “मंगळवारी तुम्ही गोळ्या वळून देता ना?” लाटणं थांबलं. “ताई, आता काय सांगू,” जानकीबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “ते स्वतःच वळत होते हो पहिले. हाताला कणकेची सवय नाही, कुठे बोरं एवढी तर कुठे मिरं एवढी. मला बघवलं नाही. सांगू नका असं ते म्हणाले नाहीत, पण सांगा पण म्हणाले नाहीत. मी समजून गेले.” “मी तुम्हाला बोलले कणकेवरून.” “बोलल्या तर बोलल्या. कणीक गेलीच होती ना,” जानकीबाई म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली. अल्पनाला इतकी शरम वाटली की तिनं उगाच फ्रिज उघडून पुन्हा लावला.

भैयासाहेब गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कसब तिच्या अंगी कधीच नव्हतं, तरी तिनं प्रयत्न केला. “उद्या जाणार ना मानाजीकाकांकडे?” “हो तर.” “बरे आहेत ना ते?” “अहो, त्यांना काय धाड भरलीये. पत्ते पिसताना अजून बोटं चालतात.” धारच्या जुन्या दरबारी मराठी घरांतली रीतच तशी, पोटच्या लेकरांनाही अहो-जाहो. लहानपणी मैत्रिणी हसायच्या. एवढं सहज खोटं बोलताना त्यांचा हात हलला नाही, झारीची धार तुळशीच्या मुळाशीच पडत राहिली. तिला राग यायला हवा होता. शहात्तर वर्षांचा माणूस, एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, इंदूरला गाडी बदलून साडेतीन तास जातो नि साडेतीन तास येतो, वाटेत काही झालं असतं तर? पण रागाच्या जागी दुसरंच काही आलं. शाळेतून आल्यावर दारात दिसणाऱ्या त्या दोन जोड चपलांपुढं ती पुन्हा उभी होती, दप्तर खांद्यावर, आणि आतून कोणी ये म्हणत नव्हतं. “जेवायला चला,” एवढंच ती म्हणाली.

मंगळवारी तिनं कॉलेजला रजा टाकली. भैयासाहेब सातला डबा घेऊन बाहेर पडले. ती साडेआठला, सरळ जाणाऱ्या भाड्याच्या गाडीनं. पीथमपूरचा फाटा आला तेव्हा शिफ्ट सुटलेल्या बसेस एकामागून एक वळत होत्या, काचांना टेकलेली झोपाळू डोकी घेऊन. अठ्ठावीस वर्षं असंच एक डोकं काचेला टेकलेलं असायचं. बसमध्ये बसलं की मला जी झोप लागते ती घरी लागत नाही, असं ते म्हणत आणि आई रुसत असे. गाडीत तिलाही गुंगी आली. नकाशावरची वर्तुळं डोळ्यांपुढं येत होती, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, फक्त उलट, बाहेरून आत मिटत येणारी. जो वारंवार येतो तो मोजणीत जास्त सापडतो म्हणून त्याचं वजन कमी करायचं, हे ती मुलांना शिकवायची. आणि जो कधीच येत नाही त्याला कोणी विचारतच नाही, कारण फॉर्म घेऊन उभं असतं तिथं तो नसतो. परीक्षेत हा प्रश्न चार गुणांना यायचा. उत्तर तिला तोंडपाठ होतं आणि ते उत्तर आपणच आहोत हे तिला घाटाबिल्लोदच्या पुढं कुठंतरी, अर्धवट झोपेत कळलं.

तलावावर खरंच कोणी नव्हतं. फुगेवाल्याची गाडी उलटी करून ठेवलेली, एक धोबी, दोन बकऱ्या. पाणी इतकं स्वस्थ की पलीकडचं चिंचेचं झाड त्यात जसंच्या तसं उभं होतं. सर्वांत खालच्या कोरड्या पायरीवर भैयासाहेब बसले होते, चपला घातलेले पाय पुढच्या पायरीवरच्या पाण्यात. चपला काढायच्या नाहीत, शेवाळावर पाय घसरतो, ही आईची ताकीद. पाच वर्षं झाली तरी ते पाळत होते. अल्पना त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी वळून पाहिलं, दचकले नाहीत. थोडे सरकले, जणू ही जागा धरूनच ठेवली होती.

“कॉलेजला सुट्टी?” त्यांनी विचारलं.

“रजा टाकली.”

“अस्सं.” त्यांनी डबा तिच्यापुढं केला. जानकीबाईंच्या गोळ्या, एकीसारखी दुसरी. तिनं एक टाकली. काही झालं नाही. मग पाण्याचा रंग पालटला; खालून काळसर पाठी वर आल्या, दहा, वीस, पन्नास, तोंडं उघडी, एवढ्या जवळ की पायाला स्पर्श होईल. लहानपणीच्या साऱ्या रविवारांत तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं आणि आलंच. भैयासाहेब पाण्याकडे बघत राहिले.

“फॉर्म माझा आहे, हे तुम्हाला माहीत होतं?” डोळे पुसत तिनं विचारलं.

“वर कॉलेजचं नाव छापलंय की. जन्मभर नकाशांच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचलीत मी, अल्पनाबाई.”

“मग घरापासून दहा मिनिटं असं का सांगितलंत? मशीननं फॉर्म अडवला.”

“त्या पोरीनं विचारलं, घर से कितनी दूर. मी सांगितलं.” त्यांना त्यात काही चूक दिसत नव्हती. “अडवला म्हणून तर तुम्ही वाचलात.”

“मला का नाही सांगितलंत? मी आणलं असतं गाडीनं.”

“आणलं असतंत,” ते म्हणाले. “रविवारी.”

मग तिनं सगळं सांगून टाकलं; कुंपणाचं, तिकिटाचं, पान सतराचं. मंगळवारी बंद ठेवा असं मीच लिहिलंय, म्हणाली. ते भांडतील, निदान गप्प होतील, असं तिला वाटत होतं. त्यांनी नकाशा तपासावा तसा विचार केला आणि मान हलवली. “बरोबरच लिहिलंत. मंगळवारी येतंच कोण? एका म्हाताऱ्यासाठी काय दार उघडं ठेवायचं. काढा तो फॉर्म, रेघ सरळ येईल तुमची.” आणि एक गोळी त्यांनी लांब टाकली, मागं राहिलेल्या एका लहान माशापुढं.

ते इतकं सहज सोडून देत होते की तिला आता, पाच वर्षांनी, धारचं घर त्यांनी कसं सोडलं असेल ते कळलं. तेव्हाही असंच, बरोबरच आहे तुमचं, असं म्हणाले होते. “नाही काढणार,” ती म्हणाली. “एका मंगळवारच्या अकरा फॉर्मांवरून कुठलाच वार बंद करता येत नाही. मुलांनी असं लिहून आणलं असतं तर मी नापास केलं असतं. पान सतरा मी उद्या काढून टाकते.” हे ती वडिलांसाठी म्हणत नव्हती, हे खरंच तसं होतं, चूक तिचीच होती आणि ती आधीच कळायला हवी होती. समिती काय करायचं ते करील. भैयासाहेबांनी तिच्याकडे जरा कौतुकानं पाहिलं, पुस्तकाला कव्हर नीट बसलं की पाहत तसं.

तिच्या पिशवीत कोरे फॉर्म होते. मोजणाऱ्यानं स्वतःचा फॉर्म भरायचा नसतो, तरी तिनं एक काढला आणि गुडघ्यावर ठेवून भरू लागली. कुठून आलात, देवास. बरोबर कोण, वडील. गेल्या बारा महिन्यांत किती वेळा, शून्य. शून्य लिहिताना पेन जड झालं. येत्या वर्षात किती वेळा याल, तिथं तिनं बावन्न लिहिलं. भैयासाहेब मान वाकडी करून वाचत होतेच.

“बावन्न? अहो, मार्चात परीक्षा असतात तुमच्या. पाहुणे येतात, दुखणीखुपणी येतात. उगाच आकडा फुगवू नका.” त्यांनी तिच्या हातून पेन घेतलं, बावन्नवर एक बारीक सरळ रेघ मारली आणि शेजारी ताठ उभ्या अक्षरांत लिहिलं, चाळीस. मग पेनाचं टोपण लावता लावता ते थांबले. मासे अजून पायांशी होते, डबा रिकामा झाला होता तरी.

“माझा तो रकाना राहिला होता ना,” ते म्हणाले. “येत्या वर्षाचा. त्यातही चाळीस घाला.”

“फॉर्म कॉलेजात आहे, भैयासाहेब.”

“मग लक्षात ठेवा,” ते म्हणाले.